जमीन-कराच्या पाठीवर धर्माचं विधेयक : इंग्लंडची संसद, नोव्हेंबर १७०४

वरच्या सभागृहात, म्हणजे लॉर्ड्समध्ये, दोनदा पडलेलं विधेयक तिसऱ्यांदा कसं रेटायचं? विधेयक होतं चर्च ऑफ इंग्लंडबाहेरच्या लोकांची एक पळवाट बंद करण्याचं : पदापुरतं चर्चमध्ये जाऊन यायचं. इंग्लंडच्या कॉमन्स या खालच्या सभागृहातल्या, चर्चची बाजू घेणाऱ्या टोरी गटाने १७०४ मध्ये यावर एक तोड काढली. हे विधेयक थेट युद्धाच्या पैशाच्या विधेयकाला जोडून टाकायचं, म्हणजे लॉर्ड्सना एक तर दोन्ही गिळावी लागतील किंवा दोन्ही थुंकावी लागतील. नाक दाबलं की तोंड उघडतं, हा हिशोब. तो कसा मांडला गेला आणि कुठे चुकला, ते या प्रकरणात पाहू. प्रकरण तीनशे वर्षांपूर्वीचं असल्यामुळे माणसांची नावं झाकलेली नाहीत. तारखा त्या वेळच्या इंग्रजी म्हणजे जुन्या पंचांगानुसार आहेत.

पार्श्वभूमी

१६६१ च्या कॉर्पोरेशन ॲक्टनुसार नगरपालिकेतलं पद हवं असेल, आणि १६७३ च्या टेस्ट ॲक्टनुसार राजाच्या नोकरीतलं पद हवं असेल, तर चर्च ऑफ इंग्लंडच्या पद्धतीने प्रभुभोजन (भाकरी आणि द्राक्षारस घेण्याचा ख्रिस्ती विधी) घ्यावं लागे. प्रेस्बिटेरियन, बॅप्टिस्ट वगैरे वेगळ्या पंथांच्या लोकांना (त्यांना डिसेंटर म्हणत) १६८९ पासून स्वतःच्या प्रार्थनागृहात जाण्याची मोकळीक होती, पण पदं मात्र बंद होती. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी वाट काढली. वर्षातून एकदा चर्चमध्ये जाऊन प्रभुभोजन घ्यायचं, दाखला मिळवायचा, पद घ्यायचं आणि पुढच्या रविवारपासून पुन्हा आपल्या प्रार्थनागृहात. १६९७ मध्ये लंडनचे लॉर्ड मेयर सर हम्फ्री एडविन तर पदाच्या सगळ्या इतमामासह, तलवार वगैरे घेऊन, डिसेंटरांच्या प्रार्थनेला गेले. टोरींना हे फार झोंबलं.

यात नुसता धर्म नव्हता. छोट्या शहरांत खासदार निवडून देण्याचा हक्क अनेकदा नगरपालिकेच्या हाती असे आणि तिथले डिसेंटर बहुधा टोरींच्या विरोधातल्या व्हिग पक्षाला मत देत. त्यांना पालिकेतून काढलं की व्हिगांच्या जागा कमी होणार, हे दोन्ही पक्षांना पक्कं ठाऊक होतं. चर्चवरची निष्ठा खोटी होती असं मी म्हणणार नाही, पण मतदारसंघांचा हिशोब तिच्या शेजारीच बसलेला होता.

राणी ॲन १७०२ मध्ये गादीवर आली. ती स्वतः चर्चची कट्टर अनुयायी. निवडणुकीत टोरींना कॉमन्समध्ये मोठं बहुमत मिळालं. लॉर्ड्समध्ये मात्र तिच्या आधीचा राजा तिसरा विल्यम याने नेमलेले बिशप आणि व्हिग उमराव मिळून पारडं दुसरीकडे झुकत होतं. शिवाय फ्रान्सशी युद्ध सुरू झालं होतं आणि त्याला दर वर्षी पैसा लागत होता.

अडचण

नोव्हेंबर १७०२ मध्ये पहिलं विधेयक आलं. ते आणणारे तिघे : ऑक्सफर्ड विद्यापीठाचे खासदार विल्यम ब्रॉमली, आर्थर ॲन्सली आणि तरुण हेन्री सेंट जॉन. पद घेतल्यावर डिसेंटरांच्या प्रार्थनेला गेलेल्याला १०० पौंड दंड, आणि त्यानंतरही पदावर राहिला तर दिवसाला आणखी ५ पौंड. कॉमन्सने ते सहज मंजूर केलं. लॉर्ड्सने थेट फेटाळलं नाही. दंड २० पौंडांवर आणला, आणखी काही बदल केले आणि परत पाठवलं.

कॉमन्सचं म्हणणं असं की पैशाच्या बाबतीत आकडा ठरवण्याचा अधिकार फक्त आमचा, मग तो कर असो की दंड. लॉर्ड्सने जुने दप्तर उपसून दाखवलं की दंडाचे आकडे आम्ही पूर्वीही बदलले आहेत. जानेवारी १७०३ मध्ये पेंटेड चेंबर नावाच्या दालनात दोन्ही सभागृहांच्या प्रतिनिधींची बैठक झाली, तासन्‌तास युक्तिवाद झाले आणि विधेयक तिथेच अडकून मेलं. राणीचे पती प्रिन्स जॉर्ज स्वतः लूथरन. त्यांचं खासगी प्रार्थनाघर वेगळं होतं, म्हणजे ज्या वर्तनावर बंदी घालायची ते वर्तन त्यांचंच. तरी त्यांनी विधेयकाच्या बाजूने मत दिलं!

दुसरं विधेयक १७०३ च्या हिवाळ्यात आलं. या वेळी लॉर्ड्सने दुरुस्त्यांचा खेळही केला नाही. १४ डिसेंबरला ५९ विरुद्ध ७१ मतांनी ते फेटाळलं. प्रिन्स जॉर्ज या वेळी मतदानापासून दूर राहिले. दरबाराचा वारा बदलतोय, हे त्यावरूनच कळायला हवं होतं.

कामकाज कसं चालायचं

डाव समजायला थोडं दैनंदिन कामकाज माहीत हवं. कॉमन्सची बैठक वेस्टमिन्स्टरच्या सेंट स्टीफन्स चॅपेलमध्ये भरे. सदस्य ५१३, पण सगळ्यांना बसायला जागाच नव्हती. गणपूर्तीला ४० जण पुरत. सकाळी खासगी विधेयकं : कुणाची जहागीर विकायची परवानगी, कुणा परदेशी व्यापाऱ्याला नागरिकत्व, कुठल्या रस्त्यावर टोल. मग निवडणुकीच्या तक्रारी, लोकरवाल्यांचे अर्ज. मोठा विषय दुपारी निघे आणि अंधार पडला की मेणबत्त्या आणण्यासाठीसुद्धा ठराव करावा लागे.

विधेयकाची तीन वाचनं होत आणि वाचन म्हणजे खरोखर वाचन. कारकून मोठ्याने वाचे, मग अध्यक्ष हातातल्या सारांशावरून विषय समजावून सांगत. दुसऱ्या वाचनानंतर विधेयक समितीकडे जाई. पैशाचं विधेयक नेहमी संपूर्ण सभागृहाच्या समितीकडे : माणसं तीच, पण अध्यक्ष खुर्ची सोडत आणि राजदंड टेबलावरून खाली ठेवला जाई. (राजदंडाला हात घातला की किती गोंधळ उडतो, ते आपल्या विधानसभेचं कामकाज पाहणाऱ्यांना सांगायला नको.) समितीतून परत आलं की ते चर्मपत्रावर सुवाच्य अक्षरात उतरवायचं, तिसरं वाचन, आणि मग सदस्यांनी स्वतः लॉर्ड्सकडे नेऊन द्यायचं. मतविभाजनात एक बाजू बाहेर ओवरीत जाई, दुसरी आत बसून राही आणि दोन्हीकडचे मोजणारे डोकी मोजत. आपलं मत कुठे पडलं, ते शेजाऱ्यापासून लपत नसे.

या डावाला तीन गोष्टी महत्त्वाच्या. एक, कराच्या विधेयकात लॉर्ड्स काहीही बदलू शकत नाहीत, असा कॉमन्सचा दावा १६७० च्या दशकात ठाम झाला होता. घ्या किंवा टाका, एवढंच. दोन, एका अधिवेशनात फेटाळलेलं विधेयक त्याच अधिवेशनात पुन्हा आणता येत नसे. तीन, जमीन-कर दर वर्षी नव्याने मंजूर करावा लागे. युद्धकाळात तो पौंडाला ४ शिलिंग, म्हणजे पाचवा हिस्सा होता आणि त्यातून वर्षाला सुमारे २० लाख पौंड अपेक्षित असत. विधेयक मंजूर झालं की त्या कराच्या भरवशावर सावकार आणि १६९४ साली स्थापन झालेली बँक ऑफ इंग्लंड आगाऊ रक्कम देत. कर गोळा व्हायला महिने लागत, पण सैन्याचा पगार या कर्जावर चाले. त्यामुळे महिनाभराचा उशीरसुद्धा फ्लँडर्सच्या (आजच्या बेल्जियमकडच्या) रणांगणापर्यंत जाणवे.

आपल्या राज्यघटनेत अनुच्छेद ११० आणि राज्यांसाठी १९९ यांनी धन विधेयकाची जी चौकट आखली आहे, तिचं मूळ या भांडणांत आहे. विधान परिषद धन विधेयक १४ दिवसच ठेवून घेऊ शकते. २०१६ मध्ये आधार विधेयक धन विधेयक म्हणून आणलं गेलं, तेव्हा राज्यसभेला वळसा घातल्याचा जो आक्षेप आला, तो ब्रॉमलींच्या विरोधकांना लगेच ओळखीचा वाटला असता.

समोरचे पर्याय

ऑक्टोबर १७०४ च्या अखेरीस अधिवेशन सुरू झालं, तेव्हा ऑगस्टमध्ये ब्लेनहाइमला फ्रान्सवर मिळवलेल्या विजयाचा उत्साह ताजा होता. मार्लबरो विजयी सेनापती, खजिनदार गॉडॉल्फिन त्याचा जोडीदार, आणि दोघांनाही हे विधेयक या वेळी नको होतं. टोरींतले कडवे नेते सरकारबाहेर गेले होते. नॉटिंगहॅमचे अर्ल त्याच वर्षी वसंतात मंत्रिपदावरून बाजूला झाले होते.

विधेयक सोडून द्यावं आणि युद्ध संपण्याची वाट पाहावी, हा पहिला मार्ग. गावोगावच्या पाद्र्यांना आणि मतदारांना काय सांगायचं, म्हणून तो कुणी गंभीरपणे घेतला नाही. दंड आणखी हलका करून विधेयक पुन्हा स्वतंत्रपणे पाठवावं, हा दुसरा. लॉर्ड्सची मतं बदललेली नसल्यामुळे तो निरर्थक दिसत होता. तिसरा मार्ग म्हणजे जोडणी. त्या वेळच्या बोलीत तिला टॅक म्हणत आणि तिच्या बाजूच्यांना टॅकर.

जोडणीला ताजा दाखला होता. १७०० मध्ये आयर्लंडमधल्या जप्त जमिनी परत घेण्याचं कलम कॉमन्सने जमीन-कराच्या विधेयकाला जोडलं होतं. लॉर्ड्सने दुरुस्त्या करून पाहिल्या, पण शेवटी माघार घेतली आणि विल्यमला मनाविरुद्ध संमती द्यावी लागली. चार वर्षांपूर्वी चाललं ते आता का नाही चालणार?

उत्तर लॉर्ड्सच्या दप्तरात लिहून ठेवलेलं होतं. ९ डिसेंबर १७०२ रोजी, म्हणजे पहिलं विधेयक चर्चेत असतानाच, लॉर्ड्सने स्थायी आदेश केला होता की पैशाच्या विधेयकाला भलत्याच विषयाचं कलम जोडणं संसदीय रीतीला धरून नाही आणि त्याने राज्यव्यवस्थाच मोडते. वरच्या सभागृहाने दार आधीच लावून ठेवलं होतं. जोडणी करायची, तर लॉर्ड्स स्वतःचाच लेखी आदेश मोडतील यावर पैज लावायची होती.

पैज हरली तर? लॉर्ड्स विधेयक फेटाळणार, जमीन-कर त्याबरोबर बुडणार, त्याच अधिवेशनात तो पुन्हा आणता येणार नाही, अधिवेशन संपवून नवं बोलवावं लागणार, सावकार हात आखडणार आणि सॅव्हॉयसारख्या मित्रराष्ट्रांना कबूल केलेली रक्कम अडकणार. राणीच्या नकाराधिकाराचा इथे उपयोग नव्हता. कर नाकारण्याची ऐपत तिच्याकडे नव्हती. पुढे १७०८ मध्ये तिने स्कॉटिश मिलिशियाचं (नागरिकांच्या राखीव सैन्याचं) विधेयक नाकारलं, पण ते पैशाचं नव्हतं.

काय घडलं

१४ नोव्हेंबरला ब्रॉमलींनी विधेयक आणण्याची परवानगी मागितली. १२६ विरुद्ध १५२ मतांनी ती मिळाली. हा आकडा मला सगळ्या प्रकरणात सगळ्यात बोलका वाटतो. नुसतं विधेयक मांडण्याच्या प्रश्नावर, जिथे टोरी मतं सहज मिळायला हवीत, तिथे बहुमत अवघं २६. इथे थांबून याद्या पुन्हा तपासायला हव्या होत्या. ब्रॉमलींच्या गटाने तसं केल्याचं दिसत नाही.

दुसऱ्या बाजूला याद्या तपासणारा माणूस होता. रॉबर्ट हार्ली एकाच वेळी कॉमन्सचे अध्यक्ष आणि मे १७०४ पासून सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे वरिष्ठ मंत्री. आज ही दोन पदं एका माणसाकडे असतील अशी कल्पनाही करवत नाही. ऑक्टोबरच्या अखेरीसच त्यांच्याकडे कोण जोडणीच्या बाजूने जाईल याचा अंदाज तयार होता. डळमळीत असलेल्या प्रत्येकाशी कोण बोलेल, हेही ठरवलं गेलं : कुणाशी नातेवाईक, कुणाशी वरिष्ठ अधिकारी, कुणाशी खुद्द गॉडॉल्फिन. समजावताना धर्मावर वाद घालायचा नाही. तुम्ही विधेयकाच्या बाजूने आहात ना? राहा. फक्त या वर्षीचा युद्धखर्च त्याला बांधू नका.

जोडणीच्या पुरस्कर्त्यांनी याला उत्तर तयार ठेवलं नव्हतं. त्यांनी प्रश्न लॉर्ड्सपुढे टाकायला घेतला होता आणि तो आधी त्यांच्याच माणसांपुढे पडला. मतदारसंघात चर्चची शपथ घेऊन आलेला, पण मुलगा फ्लँडर्समध्ये लढतोय किंवा दरबारात एखादं पद आहे, असा टोरी खासदार काय करणार? १७०२ मधल्या तीन प्रस्तावकांपैकी सेंट जॉन आता सेक्रेटरी ॲट वॉर, म्हणजे सैन्याचा कारभार पाहणारे अधिकारी, होते. टॅकरांच्या यादीत त्यांचं नाव नाही.

२८ नोव्हेंबरला दुसरं वाचन झालं आणि प्रस्ताव आला की हे विधेयक जमीन-कराच्या विधेयकाबरोबर एकत्र करावं. चर्चा दिवसभर चालली. विरोधकांनी जोर दिला तो पैशावर, मित्रराष्ट्रांवर आणि लॉर्ड्सच्या स्थायी आदेशावर. मतं मोजली : बाजूने १३४, विरुद्ध २५१. दोन आठवड्यांपूर्वीचे १५२ सुद्धा टिकले नव्हते, आणि विरोधकांची संख्या दुप्पट झाली होती. व्हिगांच्या जोडीला टोरींतला मोठा गट गेला. जे बाहेर सटकले, त्यांना कडव्या टोरींनी स्नीकर म्हणून हिणवलं.

निकाल

जमीन-कराचं विधेयक मोकळं झालं आणि डिसेंबरमध्ये वेळेवर मंजूर झालं. धर्माचं विधेयक एकटंच पुढे गेलं. कॉमन्सने ते १४ डिसेंबरला मंजूर केलं आणि दुसऱ्याच दिवशी लॉर्ड्सने राणीच्या उपस्थितीत ५० विरुद्ध ७१ मतांनी ते उडवलं. तिसरी हार, आणि मागच्या वेळेपेक्षा जास्त फरकाने.

खरी किंमत मात्र १७०५ च्या निवडणुकीत मोजावी लागली. १३४ जणांच्या छापील याद्या देशभर फिरल्या. मतविभाजनाची यादी बाहेर जाणं तेव्हा रीतीला धरून नव्हतं, पण ते थांबवणं कुणाला जमतही नव्हतं. टॅकर म्हणजे युद्धकाळात सैन्याचा पैसा अडवणारा, हे समीकरण लोकांच्या डोक्यात बसलं. १३४ पैकी सुमारे ९० निवडून आले. ऑक्सफर्ड विद्यापीठाने ब्रॉमलींना परत पाठवलंच, तिथल्या मतदारांना टॅकर हा गौरव वाटत होता. पण २५ ऑक्टोबर १७०५ रोजी अध्यक्षपदाच्या लढतीत ते २०५ विरुद्ध २४८ मतांनी व्हिग जॉन स्मिथ यांच्याकडून हरले. त्या लढतीच्या आधी ब्रॉमलींचं तरुणपणीचं युरोपप्रवासाचं पुस्तक कुणीतरी पुन्हा छापून वाटलं. सोबत नवी विषयसूची, अशी रचलेली की लेखक बावळट दिसावा. यामागे हार्लींचा हात होता असं म्हणतात. एखाद्याला त्याच्याच शब्दांनी हसं करण्याची ही युक्ती त्या काळाला मुळीच नवखी नव्हती.

जोडणी हे हत्यार मात्र बोथट झालं. लॉर्ड्सचा स्थायी आदेश कसोटीला न लागताच भक्कम ठरला, कारण कॉमन्सनेच तो मोडायला नकार दिला होता.

वेगळं काय करता आलं असतं

निर्णयाचे तीन क्षण मला महत्त्वाचे वाटतात आणि त्यातला सगळ्यात मोठा १७०४ चा नाहीच.

जानेवारी १७०३ मध्ये लॉर्ड्सकडे आपल्या दुरुस्त्या टिकवण्यासाठी निसटतं मताधिक्य होतं. कॉमन्सने २० पौंडांचा दंड मान्य केला असता, तर कदाचित कायदा तेव्हाच झाला असता. कदाचितच म्हणतो, कारण त्या दुरुस्त्या विधेयक बुडवण्यासाठीच आणल्या होत्या असं मानायलाही जागा आहे. आकडा मान्य केला असता, तर व्हिगांनी दुसरं काही काढलं असतं. पण मग नकार त्यांच्या नावावर लागला असता. टोरींनी आकड्याचा वाद हक्काचा केला आणि मूळ विषय हक्काच्या भांडणाखाली गाडला गेला.

दुसरा क्षण १४ ते २८ नोव्हेंबर १७०४ मधला. १५२ विरुद्ध १२६ हा आकडा हातात असताना जोडणीचा प्रस्ताव मांडायलाच नको होता. धमकी तशीच टांगती ठेवून सरकारशी बोलणी करता आली असती : विधेयक स्वतंत्र पाठवतो, बदल्यात दरबाराने लॉर्ड्समधल्या आपल्या माणसांना निदान गप्प ठेवावं. मार्लबरो आणि गॉडॉल्फिन यांनी १७०३ मध्ये विधेयकाला मत दिलं होतं, तेव्हा ही मागणी अगदीच हवेतली नव्हती. मतविभाजन झाल्यावर मात्र सौद्याला काही उरलं नाही, कारण धमकीमागे १३४ च डोकी आहेत हे सगळ्यांनी मोजून पाहिलं.

तिसरा क्षण हार्लींचा. त्यांचं काम चोख होतं, पण त्यांनी टोरींचे दोन तुकडे केले आणि कडव्यांना दुखावलं. त्या दुखावलेल्यांशी पुढे त्यांनाच जमवून घ्यावं लागलं. १७१० मध्ये टोरी प्रचंड बहुमताने आले, ब्रॉमली बिनविरोध अध्यक्ष झाले आणि हार्ली सरकारच्या प्रमुखपदी.

विधेयकाचं काय झालं, हे सांगायचं तर : डिसेंबर १७११ मध्ये नॉटिंगहॅमनी ते लॉर्ड्समध्ये मांडलं आणि ज्या व्हिगांनी तीनदा ते पाडलं होतं, त्यांनीच पास होऊ दिलं. कारण फ्रान्सशी होणारा तह अडवण्यासाठी त्यांना नॉटिंगहॅमची मदत हवी होती. दंड ४० पौंड. डिसेंटरांना विचारलंही गेलं नाही. कायदा टिकला १७१९ पर्यंत.